डिझेल इंजिन : दणकट असले तरी चार बाबींत हयगय नको

विहिरीवर किंवा नदीकाठी बसवलेले एक सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन फारशी देखभाल नसतानाही वर्षानुवर्षे चालते. मात्र हा टिकाऊपणा सर्वच इंजिनांना लागू होत नाही.

टिकाऊपणाचे कारण

लिस्टर पद्धतीचे ६ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेते. याच धर्तीची इंजिने राजकोट येथे तयार होतात. नवी, वजनाने हलकी अनेक पंप इंजिने १,५०० फेऱ्यांवर चालतात. फेरे कमी असल्याने पिस्टन, लायनर व बेअरिंग यांची झीज सावकाश होते. शिवाय डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसल्यामुळे त्यासंबंधीचे बिघाड उद्भवत नाहीत.

घ्यावयाची काळजी

- धूळ : एअर क्लीनर काढून इंजिन कधीही चालवू नये. आत गेलेली धूळ लायनर व रिंगा घासते. मळणीच्या दिवसांत क्लीनरच्या वाटीतील ऑइल रोज तपासावे. त्यात गाळ साचल्यास ऑइल बदलावे.
- ऑइल : ऑइल वर्षातून एकदा नव्हे, तर माहितीपुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार बदलावे. रोज ५ तास वापर असल्यास २० दिवसांतच १०० तास भरतात. त्यासाठी तासांची नोंद वहीत ठेवावी.
- पाणी : पंपाचेच पाणी इंजिनातून फिरवत असल्यास कॉक पूर्ण उघडू नये. सिलिंडर फार थंड राहिल्यास डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते व लायनर झिजते. बाहेर पडणारे पाणी गरम असावे. पाणी तुटून इंजिन तापल्यास ते बंद करून निवू द्यावे. तापलेल्या इंजिनात लगेच थंड पाणी सोडल्यास हेडला तडा जाऊ शकतो.
- डिझेल : डिझेल गाळूनच टाकीत भरावे. कचरा व पाणी यांमुळे फ्युएल पंप व नोझल खराब होतात.

धुरावरून निदान

- काळा धूर : जादा भार, तुंबलेला एअर क्लीनर किंवा खराब नोझल.
- निळा धूर : ऑइल जळत आहे, रिंगा व लायनर तपासून घ्यावे.
- पांढरा धूर : इंजिन गरम झाल्यावरही राहिल्यास डिझेलमधील पाणी व नोझल तपासावे.

निळा धूर दिसू लागताच तपासणी केल्यास अनेकदा रिंगा बदलून भागते. तसेच चालवत राहिल्यास लायनर व पिस्टनचाही खर्च अंगावर येतो, आणि तोही ऐन पाण्याच्या पाळीच्या वेळी. त्यामुळे हंगाम सुरू होण्यापूर्वीच इंजिनाची तपासणी करून घ्यावी.