शुभेच्छा की जाहिरात? क्रीडा, मनोरंजन आणि बांधकाम व्यवसायांनी सणाचा संदेश कसा लिहावा?

चवथ आठ दिवसांवर आली की वैभववाडी रोड स्थानकावर चाकरमानी उतरू लागतात आणि त्यांच्याआधी मोबाइलवर शुभेच्छा येऊन थडकतात. त्यात कबड्डी मंडळ असते, जत्रेत उभी राहणारी दशावतार मंडळी असते आणि ‘गावाकडे हक्काची जागा घ्या’ म्हणणारा जमीन व्यवसायिकही असतो. तिघांचेही चित्र सारखेच दिसते: वर बाप्पा, खाली बोधचिन्ह, मधे ‘हार्दिक शुभेच्छा’. कायद्याच्या नजरेत मात्र हे तीन संदेश एकसारखे नाहीत. पाठवणाऱ्याला दंड होऊ शकतो आणि वाचणाऱ्याचे पैसे अडकू शकतात. म्हणून दोघांनाही यातला फरक माहीत असायला हवा.

शुभेच्छा कधी द्यायच्या?

मराठी वर्षातल्या व्यवहाराचा कणा म्हणजे साडेतीन मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि विजयादशमी हे तीन पूर्ण, तर दिवाळीतली बलिप्रतिपदा हा अर्धा. घर, जमीन आणि वाहन यांचे सर्वाधिक संदेश याच दिवसांत फिरतात. पितृपक्षात नवी खरेदी टाळण्याची रीत असल्याने त्या पंधरवड्यात ‘शुभारंभ’ हा शब्द अनेकांना खटकतो.

सणांशिवाय प्रत्येक क्षेत्राचे स्वतःचे दिवसही आहेत:

- क्रीडा: २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. १५ जानेवारी हा ऑलिंपिक पदकविजेते खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. १५ जुलैला बुवा साळवी यांच्या स्मरणार्थ कबड्डी दिन असतो.
- मनोरंजन: विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवले. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. जागतिक रंगभूमी दिन २७ मार्चला असतो. सिंधुदुर्गात दशावताराचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू होतो, त्यामुळे इथल्या नाटक मंडळ्यांचे ‘नवे वर्ष’ दिवाळीनंतरच उजाडते.
- बांधकाम: १ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. २०१७ पासून स्थावर संपदा कायद्याची पूर्ण अंमलबजावणीही याच तारखेला सुरू झाली.

कोणत्या दिवशी ‘शुभेच्छा’ लिहू नयेत?

समाजमाध्यमांवरची सर्वात जास्त होणारी चूक हीच. ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन अभिवादनाचा आहे. गुड फ्रायडे हा येशूच्या क्रूसावरील मृत्यूच्या स्मरणाचा दिवस आहे. मोहरममधील आशुरा हा शिया मुस्लिमांसाठी शोकाचा दिवस आहे. २३ मार्चच्या शहीद दिनी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचे स्मरण होते. या दिवशी ‘विनम्र अभिवादन’ किंवा ‘आदरांजली’ लिहावे, किंवा काहीच लिहू नये. वर्षभराचे संदेश आधीच तयार करून वेळ लावून ठेवणाऱ्या संस्थांनी ही यादी जवळ ठेवलेली बरी.

बांधकाम व्यवसाय: संदेश जाहिरात कधी ठरतो?

स्थावर संपदा कायदा, २०१६ मधली जाहिरातीची व्याख्या फार व्यापक आहे. कोणत्याही माध्यमातून प्रकल्पाची माहिती देणारा, भूखंड किंवा सदनिका विक्रीला असल्याचे सांगणारा किंवा आगाऊ रक्कम भरण्याचे आवाहन करणारा मजकूर म्हणजे जाहिरात. म्हणजे ‘चवथीच्या शुभेच्छा’ एवढेच लिहिले तर तो संदेश. त्याखाली ‘पाच गुंठ्यांचे भूखंड उपलब्ध, आजच नोंदणी करा’ असे आले की जाहिरात.

जाहिरात ठरली की पुढचे नियम लागू होतात:

1. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी होण्याआधी जाहिरात करता येत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा एकूण सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यामुळे पाच गुंठ्यांहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडून विकायचे असतील तर नोंदणीचा प्रश्न येतोच. इथे संपूर्ण प्रकल्पाचे क्षेत्र मोजले जाते, एका भूखंडाचे नाही.
2. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
3. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर रक्कम व्याजासह परत मागता येते.
4. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

वैभववाडीसारख्या घाटपायथ्याच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. संदेशातला ‘भूखंड’ सातबाऱ्यावर शेतजमीन असू शकतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, त्यासाठी कूळ कायद्यानुसार परवानगी लागते. म्हणून ‘सणाची खास सवलत’ पाहून पैसे पाठवण्याआधी सातबारा, बिनशेती आदेश आणि रस्त्याचा हक्क तपासावा. मुहूर्त पुन्हा येतो. एकदा दिलेली आगाऊ रक्कम सहज परत येत नाही.

क्रीडा आणि मनोरंजन: फोटो कोणाचा, आवाज कोणाचा?

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकले. लगेच अनेक कंपन्यांनी तिच्या छायाचित्राला आपले बोधचिन्ह जोडून अभिनंदन केले. या कंपन्यांशी तिचा करार नव्हता. तिचे व्यवस्थापन पाहणाऱ्या ‘बेसलाइन व्हेंचर्स’ने अशा कंपन्यांविरुद्ध कायदेशीर पावले उचलली. अभिनंदन मनापासून असले तरी त्यात खेळाडूचा चेहरा वापरून आपले नाव मिरवले जात असेल, तर तो व्यावसायिक वापर ठरू शकतो.

आवाजाचेही तेच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल आणि त्यांच्या नावाचा विनापरवानगी व्यावसायिक वापर याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. त्यामुळे एखाद्या नटाच्या आवाजात ‘आमच्या दुकानातर्फे शुभ दिवाळी’ असा संदेश बनवणे ही गंमत राहत नाही.

गाण्यांबाबतही सावध राहावे. वैयक्तिक खात्यावर मिळणारे प्रत्येक गाणे व्यवसायाच्या रीलला वापरण्याची परवानगी असतेच असे नाही. स्थानिक भजनी मंडळाचे किंवा दशावतारातल्या पखवाजाचे ध्वनिमुद्रण कलाकारांना विचारून आणि त्यांचे नाव देऊन वापरणे जास्त सुरक्षित. त्यात गावाची ओळखही येते.

शिवरायांचे चित्र आणि तिरंगा

शिवजयंती, स्वातंत्र्य दिन आणि प्रजासत्ताक दिन यांच्या व्यावसायिक संदेशांबाबत १९५० चा बोधचिन्हे व नावे कायदा लक्षात ठेवावा. त्याच्या अनुसूचीत राष्ट्रध्वज आणि राष्ट्रीय बोधचिन्हाबरोबर छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंतप्रधान यांचे नाव व चित्रही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी त्यांचा वापर करण्यास बंदी आहे. ध्वजसंहितेनुसार तिरंग्यावर मजकूर लिहिता येत नाही. त्यामुळे गृहप्रकल्पाच्या दरपत्रकावर महाराजांचे चित्र नको आणि तिरंग्यावर बोधचिन्हही नको.

वापरता येतील असे नमुने

*कबड्डी मंडळ, दसरा:* “मैदानाची पूजा झाली, उद्यापासून सराव सुरू. गावातल्या सगळ्या खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. नव्या मुलामुलींनी संध्याकाळी सहाला मैदानावर यावे.”

*दशावतार मंडळी, दिवाळी:* “चावदिसाचे कारिट फुटले, पोहे झाले, आता पेटारा बाहेर काढायचा. जत्रेत रात्रभर जागणाऱ्या आमच्या रसिकांना दिवाळीच्या शुभेच्छा. पहिल्या नाटकाला भेटू.”

*बांधकाम व्यवसायिक, पाडवा:* “यंदा ज्यांना घराचा ताबा मिळाला त्यांची ही नव्या घरातली पहिली गुढी. ज्यांचा ताबा बाकी आहे त्यांना कामाची सद्यस्थिती महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येईल. सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा.”

तिसऱ्या नमुन्यात सवलत नाही की भाव नाही. थांबलेल्या ग्राहकाला मात्र शुभेच्छांइतकीच ही माहिती हवी असते.

लिहिताना ‘हार्दिक’, ‘अक्षय्य तृतीया’ आणि ‘कोजागरी’ ही रूपे तपासून घ्यावीत. ‘हार्दीक’ आणि ‘अक्षय तृतिया’ असे चुकीचे लेखन फलकांवरही सर्रास दिसते.

वाचणाऱ्यांनी काय पाहावे?

- नोंदणी क्रमांक आहे का? असल्यास तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. चित्रातल्या क्रमांकावर विसंबून राहू नये.
- शुभेच्छांसोबत फाइल आली आहे का? ‘एपीके’ प्रकारची फाइल उघडू नये. तिच्यातून मोबाइलचा ताबा जाऊ शकतो.
- पैसे गेले तर? सायबर फसवणुकीसाठी १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.
- संदेश पुढे पाठवायचा का? ओळखीच्या माणसाकडून आलेली जाहिरात लोकांना खरी वाटते. गावच्या गटात जागेचा संदेश टाकणाऱ्याने तो आधी तपासलेला असावा.

कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालताना सगळ्या गावाचे भले मागतात आणि जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात. तो होकार मागण्यातले सगळे ऐकून दिलेला असतो. सणाच्या संदेशालाही मान डोलवण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.