सरणाची तजवीज

ऐन दिवाळीत मरणाची गोष्ट काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून आपण यमासाठी दिवा लावतोच की! तो लावून झाला म्हणजे माझी आजी ट्रंकेच्या तळची एक पुरचुंडी चाचपून पाही. तीत तिच्या सरणापुरते पैसे होते. "मेल्यावर कुणावर भार नको," असे ती म्हणे.

त्या पुरचुंडीची आठवण मला करून दिली ती रोमजवळच्या लानुवियम गावच्या एका शिलालेखाने. इ. स. १३३ मध्ये, हेड्रियन बादशहाच्या अमदानीत, तेथील सामान्य माणसांनी एक मंडळी काढली. तीत गुलामही होते. १३६ साली तिचे नियम कोरले गेले. प्रवेशाला १०० सेस्टर्स नि चांगल्या मद्याचा एक रांजण. पुढे दरमहा सव्वा सेस्टर्स वर्गणी. सभासद वारला की अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. पैकी ५० सरणापाशी आलेल्यांना वाटायचे. वीस मैलांपलीकडे कोणी वारला, तर तिघांनी जाऊन त्याचे सारे उरकायचे.

आता हिशेब करा. नुसत्या वर्गणीतून ३०० जमायला वीस वर्षे लागतात! मग दुसऱ्याच वर्षी जो गेला, त्याचे सरण मागे राहिलेल्यांच्या पैशाने रचले जाई. विम्याचे सारे मर्म एवढेच. आजीच्या पुरचुंडीत काटकसर होती. ही सोबत नव्हती.

मंडळी अगदी आपल्यासारखीच! जेवणावळीत दुसऱ्याला शिवी दिली तर १२ सेस्टर्स दंड. म्हणजे साडेनऊ महिन्यांची वर्गणी!

पण मी थबकलो तो एका कलमापाशी. गुलाम मेला आणि धन्याने दुष्टाव्याने त्याचे प्रेत दिले नाही, तर? तर त्याची प्रतिमा करून तिचा अंत्यविधी करावा. देह हाती आला नाही तर आपल्याकडेही दर्भाचा पुतळा करून दहन करतात. पण येथे देह हरवलेला नव्हता. तो धन्याच्या मालकीचा होता! जिवंतपणी ज्याचे स्वतःचे असे काहीच नव्हते, त्याला ही मंडळी मेल्यावर 'आमचा माणूस' म्हणत होती.

त्याच दगडावर आणखी एक नियम आहे: जो गुलाम मुक्त होईल, त्याने मंडळीला चांगल्या मद्याचा रांजण द्यावा. मरणासाठी जमलेल्या त्या माणसांनी सुटकेच्या आनंदाचीही तजवीज करून ठेवली होती.

यंदा यमदीप लावताना एक वात त्यांच्यासाठीही लावीन म्हणतो.