हैदराबादेतून दिसणारी पोवळ्याची बेटे

हैदराबादेस गेलेला आपल्याकडचा माणूस चारमिनारजवळ मोती पाहतो आणि घरी कोणाच्या पत्रिकेत मंगळ असेल तर पोवळ्याचीही चौकशी करतो. ते तांबडे पोवळे बेटे बांधीत नाही. बेटे बांधणारे प्रवाळ त्याचे दूरचे भाऊबंद. १९५६ पर्यंत आपल्यातल्या कितीतरी गावांची राजधानी असलेल्या या शहराला समुद्र नाही, तरी त्या प्रवाळांवर नजर ठेवणारे कार्यालय येथेच आहे.

प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचा. पाण्यातला चुना घेऊन तो आपल्याखाली दगडी घर बांधतो. त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाले उन्हावर अन्न करून त्याला पोसतात; रंगही बराचसा त्यांचाच. डार्विनने १८४२ साली मांडले की, कंकणाकृती बेटांखाली खचत चाललेले ज्वालामुखी आहेत. डोंगर खाली गेला आणि प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधीत राहिले. पडताळा यायला शंभरावर वर्षे लागली. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे खोल छिद्र पाडले, तेव्हा १,२०० मीटरांहून अधिक चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला!

आपल्या किनाऱ्याचेही उदाहरण आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभरएक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. त्याचा माथा आज सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, म्हणजे हा माथा तेव्हा कोरडा असला पाहिजे. आज तेथे जिवंत प्रवाळ आहेत.

या बांधकामात सगळ्या जाती सारख्या नाहीत. शिंगांसारख्या फांद्या फुटणाऱ्या जाती वर्षाला दहा-दहा सेंटिमीटर वाढतात, पण संकटात आधी त्याच मरतात. धोंड्यासारख्या गोल जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, मात्र चिवट असतात. पडझडीचा चुरा सांधण्याचे गवंडीकाम लाल शैवाले करतात. वादळानंतर भिंत पुन्हा उभी राहते ती या वाटणीमुळे. फक्त मध्ये सवड मिळाली पाहिजे.

सवडीचेच आता अवघड झाले आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त राहिले आणि तसे काही आठवडे टिकले, की प्रवाळ शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपात असे १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर घडले. आधी बारा वर्षांची उसंत, मग सहाच.

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ साली स्थापन झाले. २०११ पासून ते उपग्रहांनी मोजलेल्या पाण्याच्या तापमानावरून अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचे आणि मन्नारचे आखात यांसाठी प्रवाळ पांढरे पडण्याचे इशारे देत आले आहे. इशाऱ्याने पाणी थंड होत नाही, हे उघडच आहे. पण कोठे जाऊन पाहावे आणि कोठे नांगर टाकू नये, एवढे तरी वेळेवर कळते. लक्षद्वीपची बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. लाटा बाहेरच्या प्रवाळभिंतीवर फुटतात, म्हणून तेथल्या विहिरींचे पाणी गोडे राहते.