सागरी सूत्रकृमी

समुद्रतळाच्या वाळूत व चिखलात मुक्तपणे जगणारे गोलकृमी. बहुतेक जाती १ ते ३ मिमी. लांब असतात आणि एक चौ. मी. चिखलात त्यांची संख्या दहा लाखांवर जाऊ शकते. अंगकाठी बहुतेकांची सारखीच, टोकांना निमुळती. त्यामुळे जात ओळखायची ती ग्लिसरीनमध्ये पारदर्शक केलेल्या कृमीच्या बारीकसारीक खुणांवरून. तोंडाभोवती संवेदी अंगे ६, ६ व ४ अशा तीन वलयांत मांडलेली असतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना अँफिड हे रासायनिक संवेदनेचे इंद्रिय असते : एनॉप्लिडा गणात बहुधा खिशासारखे, क्रोमॅडोरिडा व जवळच्या गणांत बहुधा सर्पिल, काहींत वाटोळे. ते चटकन नजरेत भरते, म्हणून वर्गीकरणात त्याला फार मान मिळाला. पण कित्येक जातींत नराचे अँफिड मादीपेक्षा मोठे असते; गरजेप्रमाणे बदलणाऱ्या अशा इंद्रियाच्या केवळ घाटावरून नाते ठरवणे धोक्याचे.

याहून मोठी गफलत अभावालाच पुरावा मानण्याची. १९३० च्या दशकात सूत्रकृमींचे अभ्यासक चिटवुड यांनी सूत्रकृमींचे दोन वर्ग केले : शेपटीवर फॅस्मिड ही संवेदी अंगांची जोडी असलेले आणि नसलेले. जवळजवळ सगळे सागरी कृमी दुसऱ्यात गेले. मात्र एखादे अंग दोघांतही उपजलेच नाही, एवढ्याने ते एका कुळाचे होत नाहीत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लोरेन्त्सेन यांनी १९८१ मध्ये सामाईक नव्या लक्षणांवर भर दिला : एनॉप्लिडांच्या कडेच्या त्वचापट्ट्यांतील मेटानीम हे धाग्यासारखे ताणग्राही, किंवा मॉनहिस्टेरिडा गणातील कृमींचा न दुमडलेला, सरळ अंडाशय. पुढे १९९८ मध्ये ब्लॅक्स्टर व सहकाऱ्यांनी ५३ जातींच्या रायबोसोमी जनुकाची तुलना केली, तेव्हा फॅस्मिड नसलेले क्रोमॅडोरिडा हे एनॉप्लिडांपेक्षा फॅस्मिडधारी रॅब्डिटिडांच्या जवळचे निघाले. चिटवुडांचा दुसरा वर्ग तिथेच मोडला.

जनुकांवरूनच नाते कळत असेल, तर मग सूक्ष्मदर्शक हवा कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या जनुकक्रमामागे ओळख पटलेला कृमी नाही, तो कोणाचा हे सांगता येत नाही. कृमी काय खातो, हे तर मुखपोकळी व दात पाहूनच अजमावावे लागते. अधिक वजनदार आक्षेप गुप्त जातींचा आहे. कुजत्या समुद्रशैवालावरच्या लिटोडायटिस मरीना या एका नावाखाली दिसायला सारखे, पण जनुकांनी वेगळे असे अनेक गट आढळले. ही मर्यादा खरी, तरी ती जातीच्या पातळीवरची. गण-कुळांच्या लक्षणांना ती लागू होत नाही. शिवाय जनुकांनी वेगळे पाडलेल्या याच गटांची शरीरमापे एकत्रितपणे ताडून पाहिली, तेव्हा त्यांतही फरक सापडले.