मापी शेर, वजनी शेर

आजी साताऱ्याकडची, लग्न होऊन इंदूरला आली. तिच्या वहीत पातळ पोह्यांच्या चिवड्याचे प्रमाण आहे : पोहे दोन शेर, मीठ एक तोळा. शाळेत पाठ केले होते की 80 तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम. त्या हिशेबाने एका दिवाळीत मी पावणेदोन किलोंच्या वर पोहे आणले. दोन घमेली भरली, आणि चिवडा अळणी. आई हसून म्हणाली, "अगं, तो मापी शेर!"

शेर हा एक शब्द, वस्तू दोन. एक तागडीत घालायचे वजन, दुसरे धान्य भरायचे भांडे. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. ही सगळी भांडी. तांदूळ काय, डाळी काय, लिटरच्या डब्यात साधारण 800 ग्रॅम मावतात, म्हणून तिथे घोटाळा फारसा कळत नाही. पोह्यांनी मात्र माझे पितळ उघडे पाडले.

वजनाचा शेर तरी कुठे एकच होता? बंगालचा मण 37 किलोंच्या वर, जुना मुंबईचा 28 पौंडांचा, म्हणजे 12.7 किलो, आणि मद्रासचा 25 पौंडांचा. मुंबईच्या मणाचेही शेर चाळीसच. म्हणजे तो शेर जेमतेम 317 ग्रॅमचा. मुंबई इलाख्याने 1932मध्ये वजनमापांचा कायदा केला. देशभरासाठी दशमान पद्धतीचा कायदा 1956चा; किलो बाजारात येऊ लागले ते ऑक्टोबर 1958पासून.

भांड्याच्या मापात आणखी एक गोष्ट होती, शीग. काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग राहतो तो. शीग ठेवायची की हाताने निपटायची, हे मोजणारा ठरवी, आणि मोजणारा बहुधा मालक असे. आजी सांगे, तिच्या माहेरी कापणीच्या बायांना मजुरी धान्यात मिळे. खंडाचे धान्य घेताना शिगोशीग आणि मजुरी देताना सपाट, असे करणारी घरे गावात होती. "आमचेही त्यातले," हे ती हळू आवाजात सांगे. भांडे तेच, खोटे माप कुणी म्हणू शकत नसे. तागडीलाही पासंग असतो, हे खरे. पण काटा निदान दोघांना दिसतो. किलो आले म्हणून आपली सुंदर जुनी मापे गेली, असा गळा काढणारे लेख मी वाचले आहेत. त्या बायांना कुणी विचारले होते का, असे मला दर वेळी वाटते.

स्वयंपाकघरात मात्र माप टिकले. 1970मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'त वाटी-चमच्यांचेच प्रमाण आहे, आणि ते शहाणपणाचे होते. घरात तागडी किती जणींकडे होती?

सध्या मी आजीच्या वहीत प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने 'मापी' किंवा 'वजनी' लिहिते आहे. रवा, पोहे, तांदूळ मापी. गुळाची ढेप भांड्यात भरता येत नाही, म्हणून गूळ वजनी. तुपापाशी अडले आहे. ते पातळ करून मापले की थिजलेले तोलले, हे विचारायला आई आता नाही. तिथे दोन्ही आकडे लिहून ठेवलेत.