गोलरक्षक ते प्रशिक्षक : म्यूनिकच्या संघाची कहाणी



इस्राएलमध्ये ज्याला कदूर-याद म्हणतात, तो हँडबॉलचा खेळ आपल्या मुलानातवंडांना चांगला परिचित आहे. परंतु ऑलिंपिकमधील त्याचा इतिहास आपल्या लोकांच्या इतिहासाजवळून दोन वेळा गेला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असेल.

१९३६ साली हिटलरच्या बर्लिनमध्ये हा खेळ प्रथम ऑलिंपिकमध्ये आला. त्या वेळी तो उघड्या मैदानावर अकरा अकरा गड्यांनी खेळला जाई. जर्मनीने ऑस्ट्रियाचा १० विरुद्ध ६ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर पदकासाठी हा खेळ पुन्हा दिसला तो थेट १९७२ साली, पुन्हा जर्मन भूमीवरच, म्यूनिक येथे. आता तो सात गड्यांचा, छपराखालचा खेळ झाला होता.

या खेळात सर्वांत कठीण काम गोलरक्षकाचे. गोल तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच. फेकणारा सहा मीटरच्या रेषेबाहेरून आत झेप घेतो आणि सुमारे साडेचारशे ग्रॅमचा चेंडू अगदी जवळून सोडतो. दहा चेंडूंपैकी तीनचार अडविले तरी गोलरक्षक उत्तम ठरतो. म्हणजे बहुतेक वेळा हार पत्करूनही पुढच्या चेंडूसाठी त्याला ताजे मन ठेवावे लागते. आम्हां नर्सेसना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एका खाटेवरचे दुःख मनात घेऊन दुसऱ्या खाटेजवळ जाता येत नाही.

अबास अर्सलानागिच हे असेच एक गोलरक्षक. बोस्नियातील देर्वेंता गावी १९४४ साली त्यांचा जन्म झाला. ते बान्या लुका शहराच्या 'बोरात्स' संघातून खेळत. बोरात्स म्हणजे लढवय्या. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये या शहराला भूकंपाचा मोठा तडाखा बसला. त्यानंतर तीन वर्षांनी अर्सलानागिच युगोस्लाव्हियाच्या संघातून म्यूनिकला गेले. संघाचे दुसरे गोलरक्षक होते झोरान झिवकोविच.

त्या ऑलिंपिकमध्ये काय घडले, हे आपल्यापैकी कोणी विसरणे शक्य नाही. ५ सप्टेंबरच्या पहाटे अतिरेकी इस्राएली खेळाडूंच्या निवासात शिरले. आपली अकरा माणसे मारली गेली. त्यांत पाच खेळाडू, दोन पंच आणि चार प्रशिक्षक होते: कुस्तीचे मोशे वाइनबर्ग, धावण्याउडण्याच्या खेळांचे अमित्सुर शपिरा, नेमबाजीचे केहात शोर व तलवारबाजीचे आंद्रे श्पित्झर. ६ तारखेस शोकसभा झाली आणि खेळ चालूच राहतील, असे ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ब्रंडेज यांनी जाहीर केले. इस्राएलचा संघ मायदेशी परतला. हा निर्णय पुष्कळांना तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. मलाही तो घाईचा वाटतो. परंतु त्याचा दोष खेळाडूंच्या माथी मारता येणार नाही.

१० सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाने चेकोस्लोव्हाकियाला २१ विरुद्ध १६ असे हरविले. पुढे १९७६ साली बोरात्स संघाने डॉर्टमुंड येथे डेन्मार्कच्या फ्रेडेरिसिया संघावर १७-१५ असा विजय मिळवून युरोपचा विजेता-चषक जिंकला. भूकंपाने मोडलेल्या शहराला केवढा आनंद झाला असेल!

या संघाची खरी थोरवी मात्र पुढे दिसली. म्यूनिकला खेळलेले ब्रानिस्लाव पोक्रायात्स राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला त्या संघाने सुवर्णपदक मिळविले. १९८६ साली झिवकोविच यांच्या हाताखाली संघ विश्वविजेता झाला. झुरिकच्या अंतिम सामन्यात हंगेरी २४-२२ ने हरली. १९८८ साली सोल येथे प्रशिक्षक होते अर्सलानागिच, आणि संघास कांस्यपदक मिळाले. दोन्ही गोलरक्षक उत्तम गुरू झाले यात नवल नाही. सबंध खेळ समोरून पाहण्याची जागा गोलरक्षकाचीच असते. समोरच्याचा खांदा कसा वळतो, आपली भिंत कोठे फुटते, हे त्याला आधी दिसते.

सोलनंतर तो जुना संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसला नाही. देशच फुटला. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये हँडबॉलसाठी त्याच्या जागी आइसलंडला बोलावले गेले. ज्या बान्या लुकात अर्सलानागिच खेळले, तेथील जुनी फेरहादिया मशीद १९९३ साली युद्धात उडवून देण्यात आली. ती पुन्हा बांधून २०१६ साली उघडली. एका संघात सर्ब, क्रोएट व बोस्नियन मुसलमान खांद्याला खांदा लावून खेळले होते, ही गोष्ट त्या युद्धाने खोटी ठरत नाही.

प्रशिक्षकाचे काम पिढ्यांनी मोजावे लागते. म्यूनिकच्या विजेत्या संघातील तिघांना ते काम करावयास आयुष्य मिळाले. आपल्या चौघा प्रशिक्षकांना ते मिळाले नाही. त्यांनी घडविले असते असे किती खेळाडू घडलेच नाहीत, हा हिशोब कोणत्याही पदकतक्त्यात नाही. उद्घाटन समारंभात त्या अकरा जणांसाठी स्तब्ध उभे राहण्यास जगाला २०२१ चे टोकियो ऑलिंपिक उजाडावे लागले. म्हणून आपल्या नातवंडांना खेळ शिकविणारा मेआमेन भेटला, तर दोन शब्द आदराने बोलावे आणि मुलांना त्या चौघांची नावे सांगावीत.