मोकळी केलेली नस, राहून गेलेली तुलना

भुवईवर मार बसला की डोळा वरून शाबूत असूनही नजर जाऊ शकते, याची नोंद हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या लेखनातही सापडते. त्याचे कारण उमगायला मात्र शरीररचनेचा अभ्यास यावा लागला. ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याची नस, मेंदूकडे जाताना सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या हाडाच्या बोगद्यातून जाते. कपाळावरचा आघात हाडांतून तिथवर पोचतो, नस सुजते आणि तिला फुगायला जागा नसते. मग बोगद्याची भिंतच काढावी, हे शल्यचिकित्सकाला सुचणारच. विसाव्या शतकात हे काम आधी कवटी उघडून झाले, पुढे नाकालगतच्या पोकळ्यांतून. जपानमध्ये या दुसऱ्या वाटेचा नेटाने पाठपुरावा झाला. तिथले डॉक्टर फुकादो यांनी १९७५ मध्ये ४०० शस्त्रक्रियांचे निष्कर्ष छापले. आकडा दबदबा निर्माण करणारा आहे खरा, पण शस्त्रक्रिया झालीच नसती तर त्याच रुग्णांचे काय झाले असते, हे त्यातून कळत नाही. या शस्त्रक्रियेचा सारा इतिहास याच उणिवेपाशी अडतो. तर्क पटला आणि तुलना राहून गेली.

ती तुलना १९९९ मध्ये अनेक देशांतल्या १३३ रुग्णांच्या अभ्यासात झाली. नजर तक्त्यावरच्या तीन किंवा अधिक ओळींनी सुधारली ती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३२ टक्क्यांची, स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांची आणि काहीच उपचार न झालेल्यांपैकी ५७ टक्क्यांची. यावर आक्षेप रास्त आहे: उपचाराविना राहिलेले जेमतेम नऊ होते आणि कोणाला कोणता उपचार मिळावा हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते. सुरुवातीची नजर हिशेबात धरल्यावर गटांतला फरकही उरला नाही. म्हणजे शस्त्रक्रिया घातक आहे, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ती उपयोगी आहे, असेही नाही. शिवाय तर्क किती फसवू शकतो याचा दाखला शेजारच्याच आजारात आहे. रक्तपुरवठा तुटून नजर गेलेल्यांच्या नसेच्या आवरणाला छेद देण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत लोकप्रिय होती. तिथे रुग्ण चिठ्ठीनेच वाटले गेले आणि १९९५ मध्ये निकाल आला: तीन ओळी किंवा अधिक नजर गमावणारे शस्त्रक्रियेनंतर २३.९ टक्के, नुसत्या देखरेखीखाली १२.४ टक्के.

स्कॅनमध्ये हाडाचा तुकडा नसेवर रुतलेला दिसला, किंवा अपघातानंतर शाबूत असलेली नजर मागाहून खालावत गेली, तर शस्त्रक्रियेची बाजू बळकट होते, कारण नस जिवंत असून दाबली जात असल्याची शक्यता तिथे खरी असते. आघाताच्या क्षणीच नसेतले धागे तुटले असतील, तर ते पुन्हा वाढत नाहीत. भिंत काढून त्यांना जागा दिली तरी नाहीत.